चहाच्या पातेल्यातली कॉफी

नगर शहरातून भिंगारकडे जाताना भुईकोट किल्ल्याचा रुंद खंदक लागतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना इथे आणून कैदेत ठेवले. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ इथेच लिहिला, हे आपणांस ठाऊक असते. त्यांच्याच सोबत कैदेत असलेल्या मौलाना अबुल कलाम आझाद यांनी याच किल्ल्यात एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली आणि त्यांत चहाविषयी मोठ्या आवडीने लिहिले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ही पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. मौलाना पहाटेच्या अंधारात उठत आणि आपल्या हाताने चहा करीत. तो चहा चीनचा, ‘व्हाइट जस्मिन’ नावाचा, आणि बिनदुधाचा. चहात दूध ओतण्याच्या रिवाजावर त्यांचा फार राग होता.

१९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते या किल्ल्यातच होते. त्या पत्रांचा विचार करताना माझ्यासारख्या डॉक्टरच्या मनात एक गोष्ट राहून राहून येते. कैदेत माणसाच्या हाती स्वतःचे असे फार थोडे उरते. पहाटेचा कप उरतो. वार्धक्यातही बरेचसे असेच होते. पैशांचे व्यवहार मुलांकडे जातात, स्वयंपाकघर सुनेकडे जाते, चालणे अंगणापुरते होते. सकाळी उठल्यावर मिळणारा गरम कप तेवढा आपला असतो. तोच बंद करा, असे आम्ही डॉक्टर मंडळी अगदी सहज सांगून मोकळे होतो.

दुधावरचा मौलानांचा राग नगर जिल्ह्याला काही लागला नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा. नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेलात, तर पिके बदलतात, बोली बदलते, पाण्याची चवसुद्धा बदलते. पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण आहे, ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी प्रवरेच्या काठी ऊस आणला आणि उसामागून साखर आली. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पुढे संकरित गाई आल्या, गावोगावी दूध संकलनाची केंद्रे झाली. संगमनेर-राहाता भागात सकाळच्या वेळी रस्त्याला लागलात, तर दुधाचे कॅन बांधलेल्या मोटारसायकली आपणांस ओलांडून जातात. साखर घरची, दूध घरचे; भुकटी तेवढी आसामातून आलेली. अशा मुलखात चहा गोड आणि दाट झाला नसता तरच नवल.

पूर्वेकडे पाथर्डी-शेवगावकडे वळलात की चित्र पालटते. पाऊस कमी, जमीन हलकी. इथली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. त्या कोप्यांमधून पहाटे मिळतो तो बहुधा कोरा चहा. ज्यांच्या कोयत्याने साखर होते, त्यांच्या कपात दूध नसते. साखर मात्र असते, आणि भरपूर असते. कारण थंडीत, न्याहरीच्या आधी, तेच पहिले इंधन.

आता कॉफीकडे वळू. नगरच्या जुन्या घरांत कॉफी रोजची नव्हे. ती पाहुण्यांसाठी, आजाऱ्यासाठी, किंवा उपवासाच्या दिवशी. काही घरांत कॉफीच्या वड्या येत. गरम दुधात वडी टाकली की साखरेसकट विरघळे. वर जायफळ किसले जाई. मग बरणीतली इन्स्टंट कॉफी आली. नगरला लष्कराचे मोठे ठाणे आहे. निवृत्त सैनिकांच्या घरी कँटीनमधून आलेली बरणी हमखास दिसते. किराणा दुकानात दोन रुपयांच्या पुड्यांची माळ टांगलेली असते. आज माझ्या दवाखान्यात येणारी ज्येष्ठ मंडळी ‘मी कॉफी घेतो’ म्हणतात, तेव्हा ती हीच असते: उकळत्या दुधात चमचाभर पूड, दोन चमचे साखर आणि असल्यास जायफळ.

दक्षिणेत घरोघरी मुरलेली फिल्टर कॉफी आपल्याकडे का रुजली नाही? इन्स्टंट कॉफी मात्र सहज का रुजली? ज्यांची मुले परदेशी आहेत आणि जे चार महिने इंग्लंडला राहून आले आहेत, त्यांनाही असेच कोडे पडलेले असते. तिथे रस्त्यावर दर शंभर पावलांवर उंची कॉफीची दुकाने, यंत्रांचा फुसफुसाट. आणि घरी गेले की यजमान कपाटातून इन्स्टंट कॉफीची बरणी काढतो, किटलीतले पाणी ओततो, थोडे दूध घालतो. झाली कॉफी!

ब्रिटनमधील ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये कॉफीचे अमाप पीक पडून राहिले, तेव्हा ते टिकवण्याचा उपाय शोधता शोधता नेस्ले कंपनीने विरघळणारी पूड तयार केली. १९३८ साली ‘नेसकॅफे’ हे नाव स्वित्झर्लंडच्या बाजारात आले. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. ब्रिटनमध्ये जुलै १९४० पासून ऑक्टोबर १९५२ पर्यंत चहावर रेशन होते. प्रारंभी एका माणसाला आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. कॉफीवर रेशन नव्हते. अमेरिकी सैनिकांबरोबर त्यांच्या शिधापेटीतली विरघळणारी कॉफीही तिथे पोहोचली. १९५५ मध्ये जाहिराती दाखवणारी दूरचित्रवाणी सुरू झाली. जाहिरातींच्या छोट्या अवकाशात चहा मुरत नाही, पण एक चमचा पूड निश्चित विरघळते, असे गमतीने म्हणतात. माझ्या मते खरे कारण याहून साधे आहे. त्या घरांत चहामुळे किटली होतीच, दूध होतेच, कप होतेच, कप हाती घेण्याच्या वेळाही ठरलेल्या होत्या. इन्स्टंट कॉफीने काहीच नवे मागितले नाही. चहाने तयार करून ठेवलेल्या जागेवर ती येऊन बसली.

नगरमध्येही अगदी तेच घडले. फक्त किटलीच्या जागी पातेले आहे. फिल्टर कॉफीला वेगळे भांडे लागते, ताजी दळलेली पूड लागते, काढा उतरेपर्यंत थांबावे लागते. इन्स्टंट कॉफी चहाच्याच पातेल्यात होते, त्याच पकडीने उतरते आणि त्याच बशीत ओतून फुरके मारीत पिता येते. म्हणून एखादे पेय घरात टिकते ते केवळ चवीवर नव्हे. ते घराच्या घडीत बसते म्हणून टिकते. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की वृद्धांची काळजी घेणाऱ्यांचे निम्मे भांडण मिटते. ‘बाबा ऐकतच नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या लेकी-सुनांना मी हेच सांगतो की वेळ, जागा, कप आणि सोबत यांना हात लावू नका. कपाच्या आत काय आहे, तेवढे पाहा.

आधी साखर पाहा. घरातला चहाचा चमचा सपाट भरला, तर साधारण ५ ग्रॅम साखर येते. दोन चमचे घातलेले पाच कप म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की वरून घातलेली साखर दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. आणि त्यात बिस्किटे, शिरा, लाडू सगळे आले. शिवाय नगरकडे पाहुणचार म्हणजे चहा. सोसायटीत गेलात, मळ्यावर गेलात, कोणाच्या समाचाराला गेलात, तरी कप पुढे येतोच आणि तो परतवणे हा यजमानाचा अपमान ठरतो. घरचे कप मोजले जातात. बाहेरचे मोजतो कोण! मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘अर्धाच, आणि बिनसाखरेचा’ म्हणावे; हे आता खेड्यांतही कोणाला खटकत नाही. महामार्गावर ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागलेल्या दिसतात. गूळ आपल्या मुलखाचा, चवीला उत्तम. परंतु रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही. तयार मिश्रणाच्या, म्हणजे दूध-साखर-कॉफी एकत्र असलेल्या पुड्यांवर घटकांची यादी वाचा. पहिले नाव बहुधा साखरेचेच निघते.

साखर एकाएकी तोडू नका. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिन्या-दोन महिन्यांत जीभ नव्या चवीला सरावते आणि मग जुना कप अति गोड वाटू लागतो. कप लहान घ्या, पण तोच घ्या. नवा काचेचा मग आणून ज्येष्ठांची सवय मोडण्यात काही लाभ नाही.

दुसरी गोष्ट कॅफीनची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि दळलेल्या कॉफीच्या काढ्यात ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे इन्स्टंट कॉफी हे काही विष नव्हे. ती चहाच्या बरोबरीनेच बसते. आपल्याकडच्या अनेक पुड्यांत चिकोरीच्या मुळांची भाजलेली पूडही मिसळलेली असते आणि तिच्यात कॅफीन नसते. तेव्हा नुसत्या रंगावरून कॉफीचा कडकपणा ठरवू नका.

मात्र शरीरात गेलेल्या कॅफीनचा निम्मा भाग बाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात; काहींना त्याहूनही अधिक. सायंकाळी सहाला घेतलेला कप रात्री अकराला अर्धा जागाच असतो. ‘रात्री झोप नाही, गोळी द्या’ म्हणून येणाऱ्या ज्येष्ठांना मी आधी शेवटच्या कपाची वेळ विचारतो. रात्री तीनदा लघवीला उठावे लागत असेल, तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. कारण अंधारात उठणे म्हणजे पडण्याचा धोका, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे सगळे घर अंथरुणाला खिळणे. दुपारी तीननंतर कॉफी नको, एवढा एक नियम पाळला तरी अनेकांची झोपेची गोळी लांबते.

तिसरी गोष्ट औषधांची, आणि ही फार दुर्लक्षित आहे. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी केवळ पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहा-कॉफी घ्यायची नसते. आपल्या घरांत गोळी आणि कप एकाच वेळी हाती येतात. मग औषध नीट शोषले जात नाही, तपासणीत आकडे चढे येतात आणि मात्रा वाढवली जाते. लोहाच्या गोळीचेही तसेच. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यांतली द्रव्ये अन्नातले लोह अडवून धरतात. बाजरीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन वर लगेच चहा घेणाऱ्या आजीबाईंच्या रक्तात लोह चढत नसेल, तर दोष भाकरीचा नव्हे.

उपवासाविषयीही सांगायला हवे. एकादशीला चहा-कॉफी चालते, म्हणून दिवसभर त्यावरच राहणारी मंडळी मी दर पंधरवड्याला पाहतो. रिकाम्या पोटी पाच-सहा कप म्हणजे जळजळ, छातीत धडधड आणि मधुमेह्यांना साखरेचे चढउतार. पहिल्या कपाआधी मूठभर शेंगदाणे किंवा एखादे फळ खाल्ले तर व्रत मोडत नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या ज्येष्ठांचे दुसऱ्या दिवशी डोके धरते, चिडचिड होते, तेव्हा घरची माणसे घाबरतात. रोजचा कप अचानक सुटल्यानेही असे होते. ते दोन-चार दिवसांत ओसरते. आपल्या डॉक्टरांना रोजच्या कपांची संख्या आवर्जून सांगा.

आणि सायंकाळचा कप? तो बंद करू नका. त्याच पातेल्यात, त्याच वेळी, नुसते दूध तापवा. कॉफीची पूड घालू नका, जायफळ मात्र घाला. पुष्कळ घरांत ज्येष्ठांना हवा असतो तो वास, आणि जायफळाने तो येतो. जायफळ बेताने घ्यावे. अधिक झाले तर त्यानेही छाती धडधडते आणि भ्रम होतो. माणशी सहाणेवर उगाळलेले एक-दोन वेढे पुरेत.