दा विंची व्हाया वारंगा फाटा

'द दा विंची कोड' वाचलेल्या माणसांचे दोनच प्रकार असतात. एक म्हणतो, "काय भन्नाट आहे यार, एका रात्रीत संपवलं!" दुसरा म्हणतो, "काहीही लिहिलंय, एक अक्षर खरं नाही." गंमत म्हणजे पहिल्याला ते खरं की खोटं याच्याशी देणंघेणं नसतं, आणि दुसऱ्यानंही ते एका रात्रीतच संपवलेलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये डॅन ब्राऊनचं 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स' बाजारात आलं आणि आमच्या ऑफिसच्या लंच टेबलवर हे जुनं भांडण पुन्हा निघालं. नवं पुस्तक राहिलं बाजूला, सगळे घसरले दा विंचीवर. ज्यांनी ते वाचलेलं नाही (आहे का कुणी?) त्यांच्यासाठी थोडक्यात: २००३ ची कादंबरी. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये खून होतो, एक प्रोफेसर आणि पोलिसातली एक मुलगी कोडी सोडवत पळत सुटतात, आणि शेवटी गुपित हाती लागतं. काय, तर येशूचं मेरी मॅग्डलीनशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश आजही आहे आणि चर्चनं हे दडपून ठेवलं. २००६ मध्ये टॉम हँक्सचा सिनेमा आला तेव्हा मुंबईत कॅथलिक संघटनांनी निदर्शनं केली, उपोषणं झाली. काही मौलवींनीही त्यांना पाठिंबा दिला. सेन्सॉरनं 'ए' सर्टिफिकेट आणि 'हे सगळं काल्पनिक आहे' अशी पाटी लावून सिनेमा सोडला, तरी गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्रातली बंदी पुढे हायकोर्टानं उठवली.

आमच्या टीममधली एक मुलगी वसईची. कॅथलिक. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलते. त्या दिवशी टेबलवर 'येशूची बायको' वगैरे जोक चालू होते, ती मुकाट्यानं जेवत होती. मग म्हणाली, "आमच्या पप्पांनी तेव्हा ते पुस्तक वाचलं होतं. पूर्ण. नंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत." कुणीतरी म्हणालं, "चिल यार, नॉव्हेल आहे." त्यावर तिनं शांतपणे विचारलं, "तुमच्या तुकारामांवर असं लिहिलं तर चालेल?" आणि डबा बंद करून ती उठली. पुढचा आठवडाभर ती दुसऱ्या टेबलवर बसत होती.

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी मार्चमध्ये मामाच्या गावाला गेले. गावाचं नाव आखाडा बाळापूर. नुसतं बाळापूर म्हटलं की लोकांना अकोल्याचं बाळापूर आठवतं, ते किल्ल्याचं. पुढे 'आखाडा' लावला की घोटाळा मिटतो. जिल्हा हिंगोली, जो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. तालुका कळमनुरी. पुण्याहून रात्रीच्या ट्रेननं नांदेड, तिथून हिंगोलीकडे जाणारी एसटी. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की वारंगा फाटा येतो. इथं उतरून खिचडी खायची. हा सल्ला नाही, हा नियम आहे! मराठवाड्यातले ड्रायव्हर, वारकरी, आमदार, सगळे तो पाळतात. फाट्यावरून एक रस्ता नागपूरच्या दिशेला फुटतो, दुसरा बाळापूरला.

गावात टुरिस्ट म्हणून बघण्यासारखं काय? खरं सांगू, काही नाही. मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना कृषी सेवा केंद्रं, मोबाइलची दुकानं, चहाची हॉटेलं. पण मार्चमध्ये जा. हळद शिजवून अंगणात, शेतात, जागा मिळेल तिथं वाळत घातलेली असते. एक ओलसर, मातकट वास कपड्यांत बसतो आणि पुण्याला परत आल्यावर वॉशिंग मशीनच्या दोन फेऱ्या झाल्या तरी जात नाही. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. सुपरमार्केटमध्ये चकचकीत पाकिटातली हळद घेताना हा वास आठवायला हरकत नाही.

मामा रिटायर्ड शिक्षक. माळकरी. एकादशीला चहासुद्धा घेत नाहीत. त्यांच्या कपाटात ज्ञानेश्वरी आणि गाथेच्या शेजारी खाकी कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक दिसलं. उघडलं तर 'द दा विंची कोड'! मेहता पब्लिशिंग हाऊसचा मराठी अनुवाद.

"मामा, हे तुम्ही वाचलंत?"

"मी काय, अर्ध्या गावानं वाचलं," मामा म्हणाले. "मागचं पान बघ."

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, पेनानं, एकानं तर चक्क स्केचपेननं शेरे लिहिले होते. गावातल्या लायब्रऱ्यांच्या पुस्तकांवर लिहितात ना, तसे. 'एकदम जबरदस्त.' त्याखाली 'सर्व थापा.' 'इंग्रजी नावे लक्षात राहत नाहीत, पान ९० पासून पुन्हा वाचले.' 'दुसऱ्याच्या देवाची बदनामी वाचून काय मिळणार?' त्याला बाण काढून दुसऱ्या अक्षरात उत्तर: 'लग्न केले तर बदनामी कशी? आपले सगळे देव लग्न झालेले आहेत.' (हा शेरा मेडिकलवाल्या काकांचा, असं मामांनी सांगितलं.) पुढे 'आपल्याकडे असे लिहिण्याची कोणाची हिंमत आहे का?' आणि सगळ्यात खाली लाल पेनानं, वह्या तपासल्यासारखं मामांचं अक्षर: 'कथा उत्तम. पहिले पान खोटे.'

मी इतक्या वर्षांत या पुस्तकावर एवढा नेमका शेरा वाचला नव्हता. कादंबरी सुरू होण्याआधी एक पान आहे, त्यावर ठळक लिहिलंय की हे तथ्य आहे. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे, पुस्तकातली कलाकृतींची, इमारतींची, कागदपत्रांची वर्णनं अचूक आहेत, असा दावा. प्रत्यक्षात ही प्रायरी १९५६ मध्ये पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसानं काढली होती आणि तिच्या 'प्राचीन' इतिहासाची बनावट कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवली गेली होती. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ काचा असल्याचं पुस्तकात येतं. म्युझियमचा आकडा ६७३ आहे. येशूला देव ठरवण्यासाठी ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत अटीतटीचं मतदान झालं, असं एक पात्र सांगतं. तिथं ठरावाला शेवटपर्यंत नकार देणारे बिशप फक्त दोन होते. ही काही फार खोल माहिती नाही. मामेभावानं मामांना ती मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून दिली होती.

"पण मामा, कादंबरीत थापा चालतात की."

"चालतात ना. आम्ही कीर्तनात काय कमी ऐकतो? पण कीर्तनकार 'असं म्हणतात' म्हणून सुरुवात करतो. ह्यानं 'हे असंच आहे' म्हणून केली."

दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या बाइकवर औंढा नागनाथला गेलो, मामा मागून एसटीनं आले. औंढ्याचं देऊळ म्हणजे डॅन ब्राऊनला फुकटात मिळालेला सेट! यादवकाळातलं हेमाडपंती बांधकाम, बाहेरच्या भिंतींवर कोरीव मूर्तींच्या रांगा, त्यावर नंतरच्या काळातला पांढरा कळस. गाभारा जमिनीखाली. अरुंद पायऱ्यांवरून वाकून, जवळजवळ बसत उतरायचं. खाली दहा माणसं झाली की श्वास कोंडतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. पण थांबा, गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वरही तोच मान सांगतं आणि उत्तराखंडातलं जागेश्वरही. तिन्हीकडे गर्दी असते.

मग नामदेवांची गोष्ट. देवळासमोर कीर्तन चालू होतं, अडचण होते म्हणून नामदेवांना मागच्या बाजूला पाठवलं, आणि अख्खं देऊळ फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यातही देऊळ फिरल्याचा उल्लेख येतो. औंढ्यात तुम्ही विचारलंत तर लोक पुरावा म्हणून नंदीची जागा दाखवतील. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथंही पिंड उगवली, ही गोष्टही इथलीच.

पण मला खरा धक्का दिला तो तिसऱ्या गोष्टीनं. नामदेव तरुणपणी दरोडेखोर होते, याच नागनाथाच्या देवळात एका विधवेचं रडणं ऐकून त्यांना पश्चात्ताप झाला, अशी एक कथा आहे. मेकॉलिफ या आयरिश अभ्यासकाच्या १९०९ च्या शीखधर्मावरच्या ग्रंथात ती सविस्तर येते. कित्येक वारकऱ्यांना ती मुळीच मान्य नाही. "ती आपल्या नामदेवांची नाहीच," मामेभाऊ ठामपणे म्हणाला. मामा म्हणाले, "असेलही. वाल्याचा वाल्मीकी होतो तर नाम्यानं काय घोडं मारलंय?" बापलेक चपला घालता घालता भांडत होते. नामदेवांचा जन्म जवळच्या नर्सीचा की पंढरपूरचा, यावरही या भागात कुणाला छेडून बघा. चहा थंड होतो पण वाद थंड होत नाही.

म्हणजे एका संताबद्दल 'खुनी होता' इथपर्यंतची गोष्ट या मातीत शेकडो वर्षं फिरतेय. कुणी मानतं, कुणी नाही, देऊळ एकच. मला वाटलं, वसईच्या मैत्रिणीला द्यायला उत्तर मिळालं. रात्री ओसरीवर बसल्यावर मी मामांना तिचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तुकारामांवर असं लिहिलं तर?

मामांचा चेहरा बदलला. "लिहिलं होतं ना," ते म्हणाले.

आनंद यादवांची 'संतसूर्य तुकाराम'. 'झोंबी'वाले यादव, साहित्य अकादमी मिळालेले, मराठीतले मोठे लेखक. त्यांनी तुकोबांच्या तरुणपणाचं जे चित्रण केलं त्यावर वारकरी चिडले. यादव तेव्हा मार्च २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी विरोध थांबला नाही. शेवटी त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि संमेलन अध्यक्षाविनाच झालं. (योगायोग बघा, प्रकाशक तेच, मामांच्या कपाटातल्या दा विंचीचे.)

"तुम्ही वाचली होती?"

"नाही. आणि वाचणार नाही."

"मग मागच्या पानावर शेरा कसा लिहिणार?"

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीच्या वडलांनी तरी पूर्ण वाचलं. आमच्यात तेवढा दम नव्हता असं म्हण पाहिजे तर. पण पोरी, तुकोबा आमच्या घरात राहतात. येशूची गोष्ट मी लांबून वाचली. लांबून वाचायला सोपं जातं."

मला हे पटलं, आणि तरीही पटलं नाही. दुखतं हे खरंच आहे. वसईच्या घरात दुखलं, बाळापूरच्या घरातही दुखलं, आणि आपल्या लंच टेबलवर 'चिल यार' म्हणणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नसतं, हेही खरं. पण दा विंचीचं निदान भांडण तरी झालं. ज्यांना राग आला त्यांनी प्रत्युत्तरादाखल पुस्तकं लिहिली, ज्यांना आवडलं त्यांनी ती वाचली, प्रायरीचं पितळ पुन्हा एकदा चव्हाट्यावर आलं. बाळापूरच्या त्या खाकी कव्हरमध्ये बारा-तेरा माणसं एकमेकांशी वाद घालतायत. मागे घेतलेल्या पुस्तकावर कोण काय लिहिणार? यादवांनी वाईट लिहिलं की चांगलं, हे न वाचताच ठरून गेलं. मला स्वतःला औंढ्याची पद्धत जास्त आवडते, बापलेकांनी चपला घालता घालता भांडायची.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये इथून फार लांब नसलेल्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे मी मामांना सांगितलं. मामांना ते माहीत होतं. त्यांचं भाषण त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. "चांगलं मराठी," एवढंच म्हणाले. शिक्षकाचा शेरा.

मामी इतका वेळ दारात बसून वाळलेल्या हळदीतले खडे वेचत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ते तुकोबाचं पुस्तक कुठं जुन्या दुकानात मिळतं का गं पुण्याला?"

"बघते की मामी. कशाला?"

"ह्यांनी नाय वाचलं. मला वाचायचंय."

मामांनी मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून ओसरीवरचा दिवा मालवला आणि आत जाता जाता म्हणाले, "आणलंस तर खाकी कव्हर घालून आण."