बेर्टा

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकातून मर्सिडीज गेली की माणसं अजूनही मान वळवून बघतात. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हापासून हे नाव इथे घरच्या लेकीसारखं रुळलं. आहेच ते एका लेकीचं. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याची मुलगी मर्सिडीज. नाव स्पॅनिश, अर्थ कृपा. डाइमलर कंपनीने १९०२ मध्ये ते आपल्या नावावर नोंदवून घेतलं. पण याच गाडीच्या घराण्यात एक अस्सल जर्मन नावही आहे, आणि माझा जीव त्याच्यावर जडला आहे. बेर्टा.

दोन अक्षरांची, खणखणीत. जुन्या जर्मनमध्ये ‘बेराह्ट’ म्हणजे लखलखीत, तेजस्वी. आपल्याकडच्या उज्ज्वला, प्रभा, तेजस्विनी यांच्या पंक्तीत तिला सहज बसवता येईल. नातंही आहे: संस्कृतातला ‘भ्राज्’ धातू तिच्याच कुळातला, आणि विष्णूच्या सहस्र नावांत ‘भ्राजिष्णु’ येतं. गारखेड्यातल्या ज्या घरात संध्याकाळी सहस्रनाम म्हटलं जातं, तिथे तिचा हा दूरचा भाऊ रोज हजेरी लावतो. जवळचे भाऊ तर आपल्या चांगल्या ओळखीचे. आल्बर्ट म्हणजे कुलीन तेज, रॉबर्ट म्हणजे कीर्तीचं तेज. नाशिकच्या बॉश कारखान्याला ज्याचं नाव आहे, तो हाच रॉबर्ट.

बेर्टा मात्र भावांसारखी मिरवली नाही. ती कामाला लागली. फोर्ट्सहाइमच्या बेर्टा रिंगरने लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे कार्ल बेन्झच्या बुडू पाहणाऱ्या कारखान्यात घातले. पुढे नवऱ्याची तीनचाकी गाडी तयार झाली, पण ती घ्यायला कोणी पुढे येईना. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता बेर्टाने ओयगेन आणि रिशार्ड या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून थेट माहेर गाठलं, शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं, तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. ब्रेक झिजले, त्यांवर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. गाडी लांब पल्ल्याला चालते हे जगाला दिसलं ते या बाईमुळे.

याच नावाच्या वाट्याला दोन टोकंही आली. बेर्टा फॉन सुटनरला १९०५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. शस्त्रांविरुद्ध आयुष्यभर लिहून-बोलून जून १९१४ मध्ये ती वारली. दोन महिन्यांच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं आणि बेल्जियममधल्या लिएजचे किल्ले जर्मन सैन्याने क्रुप कंपनीच्या ४२ सेंटिमीटरच्या तोफांनी फोडले. त्या तोफेला सैनिक ‘जाडी बेर्टा’ म्हणत. क्रुपच्या मालकिणीचं नाव बेर्टा होतं, तिच्यावरूनच हे पडलं असं सर्रास मानलं जातं. तेजाचं नाव आगीला चिकटवलं गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. सैनिकांची थट्टा जगभर पसरली. सुटनरबाई आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहेत?

१९२६ मध्ये डाइमलर आणि बेन्झ एक झाले आणि गाडी मर्सिडीज-बेन्झ झाली. त्यातलं आडनाव बेर्टाचंही आहे, पण सासरचं. जिच्या पैशांवर कारखाना तगला आणि जिने गाडी रस्त्यावर काढली, तिचं स्वतःचं नाव त्यात कुठेच नाही. ३ मे १९४४ रोजी, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेने तिला मानद सिनेटर केलं. कार्ल ज्या संस्थेत शिकला, तीच ही. हा मान मिळाला आणि दोन दिवसांनी ती गेली.