भुरी

भुरी शेजारच्या वाडीतून आमच्याकडे आली तेव्हा तलंग होती. आमच्या परड्यातल्या कोंबड्यांची क्रमवारी ठरलेली होती: दाणे टाकले की आधी काळी, मग तुरेवाली, मग बाकीच्या. नॉर्वेच्या थॉर्लेफ श्येल्डरुप-एब्बेने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून चोचीची ही उतरंड १९२२ मध्ये शास्त्रीय निबंधात मांडली. आजीला ती पाठ होती. नवी कोंबडी आली की उतरंड पुन्हा लागते, आणि लागते ती टोचूनच. म्हणून आजीने भुरीला अंधार पडल्यावर खुराड्यात सोडली. काळोखात कोंबडीला दिसत नाही, भांडण सकाळवर जातं.

उन्हाळा निभावला. आषाढात पाऊस हटेना, कोंबड्या दिवसदिवस कोंडलेल्या. उकरायला माती नाही, पळायला जागा नाही. अशात कुणी कुणाचं पीस उपटलं आणि रक्त दिसलं की बाकीच्यांना आवर घालता येत नाही. लाल दिसेल तिथे टोचतात.

भुरीची शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढी जागा सोलली होती. आजीने मिठाच्या कोमट पाण्याने ती धुतली, चिकटलेली पिसं भिजवून एकेक सोडवली, माशीने अंडी घातली नाहीत ना ते उजेडात धरून पाहिलं. पावसाळ्यात खरी धास्ती त्याची. जखमेत किडे पडले तर कोंबडी हातची जाते. वर जांभळं औषध लावलं. ते जंतू मारतं, पण लाल रंग झाकतं हे मला जास्त मोलाचं वाटतं. भुरी मांडीवर डोळे मिटून बसलेली, छाती तेवढी भराभर हलत होती.

मी तिला माजघरात नेऊ लागले.

"घरात नको गो बाय, परत गेली की परकीच होईल."

आजीने विरळ विणीचं डालगं तिच्यावर घालून ते खुराड्याला टेकवून ठेवलं. भुरी सगळ्यांना दिसायची, चोच पोचायची नाही. बाकीच्यांना चाळा म्हणून शेवग्याचा पाला टांगला. जखम सुकून पिसांचे कोंब फुटले तरी जांभळा लेप चालूच होता, कारण कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं.

दिवाळीनंतर भुरी खुडूक झाली. २१ दिवसांनी पिल्लं घेऊन बाहेर पडली, तर काळी सवयीने दाण्यांवर आली. भुरी पिसं फुलवून दुप्पट झाली आणि थेट तिच्या तोंडावर धावली. काळी मागे सरली. पिल्लं सुटी होईपर्यंत पहिला दाणा भुरीचा होता.