मांड टाकण्याआधी

आपल्याकडे घोड्याचं कौतुक खोगिरापासून सुरू होतं. चौकातले पुतळे अश्वारूढ, चित्रांतले घोडे चौखूर उधळलेले. खाली उभा राहून दोर धरणारा मोतद्दार या कौतुकात कुठेच नसतो. सभासदाच्या बखरीत मात्र शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगताना पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचं येतं. पाणी पाजणारा आणि खूर सांभाळणारा, दोघेही जमिनीवरचे. वरच्या माणसाचा रुबाब खालच्यांच्या कष्टावर उभा असतो, हे ती पागा उभारणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

शिंगराच्या बाबतीत तर बराच काळ सगळं काम खालचंच. जन्मल्यावर तास-दोन तासांत ते पायांवर उभं राहतं, सहा महिन्यांच्या सुमारास आईचं दूध तुटतं. पण पाठीवर माणूस घ्यायला निदान तीन वर्षं थांबावं लागतं. कण्याची हाडं त्यानंतरही दोन-तीन वर्षं पक्की होत राहतात. स्वार येण्याआधी असं एक अख्खं बालपण असतं आणि त्यातच शिंगरू माणसाबद्दल आपलं मत ठरवून टाकतं. ते पुढे बदलायचं म्हणजे महाकठीण.

आमच्या शेतावर सध्या दीड वर्षाचं एक काठेवाडी शिंगरू आहे. त्याला वळण लावायला एक वयस्कर चाबूकस्वार येतात; सगळे त्यांना चाचा म्हणतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारात त्यांची उमर गेली. गिऱ्हाईक घोडा पंचकल्याणी आहे का, अंगावरचे भोवरे शुभ आहेत का, रेवाल चाल कशी पडते, हे बघतं. चाचा आधी दोर बघतात. मालकाच्या हातापासून मोरकीपर्यंत तो सारखा ताणलेला दिसला, की ते पुढच्या दावणीकडे वळतात.

त्यांचा पहिला धडाही दोराचाच. "हाताला गुंडाळू नका, दादा. ते उधळलं तर तुम्हाला घेऊन जाईल." जादा दोर घडी घालून मुठीत धरायचा, म्हणजे वेळ आली तर सुटतो. दुसरा धडा जवळ जाण्याचा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळा परिसर त्याच्या नजरेत असतो. फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि थेट शेपटीमागची, एवढ्या दोनच जागा त्याला आंधळ्या. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, या म्हणीतलं साहेबाचं ज्याचं त्यानं ठरवावं; घोड्याबद्दल ती चोख आहे. खांद्याच्या रोखानं, तिरकं, काहीतरी बोलत जावं आणि पहिला हात मानेच्या बुडाशी ठेवावा. तोंडाकडे झेपावणारा हात कोणत्याच शिंगराला आवडत नाही.

खरी विद्या यानंतरची. दोर ओढला की शिंगरू पुढे येत नाही, उलट मागे जोर लावतं. ताणाविरुद्ध ताण हा त्याचा स्वभाव, आणि त्या रस्सीखेचीत माणूस हरणार हे ठरलेलंच. म्हणून दोराला किंचित ताण द्यायचा आणि तो तसाच धरून थांबायचं. शिंगरू वैतागतं, मान झटकतं, आणि केव्हातरी अर्धं पाऊल पुढे टाकतं. त्याच क्षणी दोर ढिला झाला पाहिजे. शिंगरू शिकतं ते ताणातून नव्हे, तो सुटण्यातून. उशिरा सोडला तर पाऊल टाकलं काय नि न टाकलं काय, त्याच्या लेखी सारखंच. मान झटकताना सोडला तर मान झटकायला शिकवल्यासारखं होतं. धरायला ताकद पुरते, सोडायला मात्र अख्खं लक्ष लागतं.

जनावरापुढे आत्मविश्वास हवा म्हणतात, तेव्हा बहुतेकांना करडा आवाज आणि ताठ छाती अभिप्रेत असते. ते सोंग घोड्यापुढे टिकत नाही. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोडा धरून ठरावीक अंतर अनेकदा चालायचं होतं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की आता वाटेत अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्याला काहीच सांगितलं नव्हतं त्या घोड्याचेही वाढले. आपण मनात उघडलेली छत्री दोराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. त्यावर सोंग कामाचं नाही. पुढची एक गोष्ट काय करायची हे स्वतःशी पक्कं असणं, एवढाच इलाज. त्या झाडापर्यंत जायचं, थांबायचं, एक पाऊल मागे घ्यायचं. पायांना ठिकाण ठाऊक असलं की श्वास आपोआप लांबतो.

या ठामपणात मर्यादाही आल्या. शिंगरानं खांद्यानं ढकललं की आपल्याला लाड वाटतात. तेच ढकलणं पुढे तीन-चारशे किलोचं होतं. म्हणून अंगावर आलं की आपण मागे सरकायचं नाही, त्याला सरकवायचं, दर वेळी तितकंच आणि राग न धरता. ग्रीक सेनानी झेनोफोननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवरच्या ग्रंथात हेच बजावलं आहे: घोड्याशी रागात कधी वागू नये. शिंगराला गर्दीतून फिरवावं, नाना आवाजांची आणि दृश्यांची ओळख करून द्यावी, असंही तो सांगतो. आपल्या वरातीतला घोडा डीजे, फटाके आणि हलगीच्या गराड्यात उभा राहतो, तेव्हा ही शिकवण किती जुनी आणि किती गरजेची, ते कळतं.

पण तिथेच एक शंका मला छळते. उभा राहिलेला प्रत्येक घोडा निर्धास्त असतो का? सवयीनं शांत झालेला घोडा कान आवाजाकडे वळवतो, एक मागचा पाय सैल सोडतो, हनुवटी ढिली ठेवतो. मार खाऊन हरलेला घोडाही हलत नाही. त्याची नजर मात्र विझलेली असते आणि ओठ आवळलेले. लांबून दोघं सारखेच आज्ञाधारक दिसतात. शिस्तीची वाहवा करणाऱ्या समाजाला हा फरक कळायला वेळ लागतो, घरातही आणि शाळेतही.

म्हणून शिंगरू माझ्यासोबत शहाण्यासारखं चालतं, याला मी फारशी किंमत देत नाही. त्यात माझी मिजास शिरायला वेळ लागत नाही. धनुर्वाताची लस द्यायला नवा डॉक्टर आला, दोर नवख्या गड्याच्या हातात आहे, सुई पाहून शिंगरू दचकलं आणि तरी दोर ढिला असताना जागेवर थांबलं, तर काहीतरी शिकवलं म्हणायचं. माझा आत्मविश्वास माझ्यापुरताच राहिला तर तो धाकच ठरतो. माझ्या गैरहजेरीत त्याचा त्याला उपयोग झाला, तरच ते शिक्षण.