शेवटच्या मिनिटाच्या खाचा

एडविन हॉकिन्स सिंगर्सच्या ‘ओ हॅपी डे’ची जुनी सात इंची तबकडी विकत घेणारा जाणकार आधी लेबलवरचं नाव वाचत नाही. तो तबकडी उजेडात तिरकी धरतो आणि अगदी आतल्या, लेबलला लागून असलेल्या खाचा बघतो. तिथे करडी झाक दिसली की भाव पडला. बाहेरची कड काळीभोर चमकत असली तरी तिचं त्याला फारसं कौतुक नसतं. या गाण्याची सगळी कमाई शेवटाकडे आहे आणि तबकडीवरची सगळ्यात अडचणीची जागाही तीच आहे.

तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेते, कडेला असो वा मध्याशी. पण घेर लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलपाशी जेमतेम २५. तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबायचा म्हणजे बारीक वळणं दाटीवाटीने येणार, सुईला ती नीट घेता येणार नाहीत, तार स्वर फाटणार. एखादं प्रेमगीत शेवटी विरत जातं, त्याला हे चालून जातं. ‘ओ हॅपी डे’ची बांधणी मात्र बरोबर उलटी आहे. जागा ऐसपैस असते तेव्हा नुसता पियानो, मागे बेताचा ठेका आणि डोरोथी कॉम्ब्ज मॉरिसनचा जाडसर, किंचित खरखरीत आवाज. कोरस तिच्यामागून दबकतच येतो. आणि जागा संपत आली की चाळीस-पंचेचाळीस गळे एकदम मोकळे सुटतात.

अर्थात हे गाणं तबकडीच्या सोयीने बांधलेलंच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या इफीशियन चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्टमध्ये हॉकिन्स आणि बेटी वॉटसन यांनी १९६७मध्ये तरुण गायकांचा एक संच उभा केला. नाव लांबलचक : नॉर्दर्न कॅलिफोर्निया स्टेट यूथ क्वायर. वॉशिंग्टनच्या युवा संमेलनाला जायचं होतं, पैसे नव्हते. तेव्हा रेकॉर्ड काढून विकायचं ठरलं. शाळांचे बँड आणि चर्चचे कोरस यांना मागणीप्रमाणे तबकड्या काढून देणाऱ्या सेंच्युरी या कंपनीने चर्चमध्येच साध्या दोन ट्रॅकच्या यंत्रावर आठ गाणी टिपली. त्या लाँग प्लेच्या प्रती निघाल्या ५००. ‘ओ हॅपी डे’ त्यातलं एक गाणं, आणि तेच गाजेल असं खुद्द हॉकिन्सनाही वाटलं नव्हतं.

यातली एक प्रत सॅन फ्रान्सिस्कोच्या केएसएएन या एफएम केंद्रापर्यंत पोचली. रॉक वाजवणारं हे केंद्र, तिथल्या निवेदकाने हे गाणं लावलं आणि चक्र फिरलं. बुडा रेकॉर्ड्सने हक्क घेतले. बुडाची तोवरची ख्याती होती ती शाळकरी पोरांसाठीच्या गुळगुळीत, बबलगम पॉप गाण्यांची! देवाचं गाणं त्यांनी पॅव्हिलियन या वेगळ्या लेबलखाली काढलं. क्वायरचं लांबलचक नाव जाऊन ‘एडविन हॉकिन्स सिंगर्स’ असं सुटसुटीत नाव आलं. १९६९मध्ये हे सिंगल अमेरिकेत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये पहिल्या. चर्चमधल्या बऱ्याच मंडळींना मात्र ते रुचलं नाही. दारूच्या गुत्त्यातल्या ज्यूकबॉक्सवर येशूचं नाव वाजावं, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं.

इथून पुढे एकाच ध्वनिमुद्रणाची अनेक रूपं झाली. गाणं जवळपास पाच मिनिटांचं, तर रेडिओला सवय तीन मिनिटांची. त्या आधीच्याच वर्षी ‘मॅकआर्थर पार्क’ आणि ‘हे ज्यूड’ या सात-सात मिनिटांच्या सिंगल्सनी वाट मोकळी केली होती, म्हणून पाच मिनिटं खपून गेली. तरी खाचा कोरणाऱ्याला तडजोड चुकत नाही. सात इंचांत पाच मिनिटं बसवायची तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, म्हणजे एकूण आवाज खाली आणावा लागतो. आवाज चढा ठेवावा तर शेवटची वर्तुळं लेबलला भिडतात. हा तोल प्रत्येक देशातला कारागीर आपापल्या कानाने साधतो. म्हणून एकाच मास्टरवरून निघालेल्या दोन तबकड्यांत एकीत कोरस अंगावर येतो, तर दुसरीत तो भिंतीपलीकडे उभा असतो.

भर पडते ती मालाची. त्या काळातली अमेरिकन सिंगल्स सरसकट व्हिनाइलची नसत. काही कारखाने पॉलिस्टायरिन साच्यात ओतून तबकड्या काढत आणि वर कागदी लेबल चिकटवत. नवी असताना अशी तबकडी झकास वाजते. पण जड पिकअप आणि झिजलेली सुई दोन-चारदा फिरली की तिच्या खाचा भुग्यासारख्या खरवडल्या जातात. सर्वात आधी बळी पडतात त्या आतल्या. म्हणजे जी प्रत ज्यूकबॉक्समध्ये सगळ्यात लाडकी, तिच्यातच शेवटचा जल्लोष खरखरीत बुडालेला. ब्रिटिश प्रत बहुधा खऱ्या व्हिनाइलची, मधलं भोक लहान, ज्यूकबॉक्ससाठी हवी तर मधला तुकडा दाबून काढायचा. आवरण मात्र कंपनीचं ठरावीक, रुक्ष. चित्रांच्या पाकिटांची हौस फ्रेंचांनी करावी! संग्राहक त्या पाकिटांवर भाळतात, पण ऐकायचं असेल तर न वाजलेली साधी ब्रिटिश प्रत बरी.

स्टिरिओ की मोनो, हा वाद तर न संपणारा. एएम रेडिओ मोनो होता. दोन ट्रॅक एकत्र केले की चर्चची रुंदी जाते, पण गाण्याला एक ठोसा येतो. ट्रान्झिस्टरवर ऐकणाऱ्यांनी हाच ठोसा ऐकला. स्टिरिओत छताची उंची आणि बाकांमधलं अंतर जाणवतं. दोन्ही खरी रूपं आहेत. प्रार्थनास्थळाचा घुमारा ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याने स्टिरिओ घ्यावी.

स्टुडिओत नव्याने गायलेली रूपं वेगळीच. ग्लेन कॅम्पबेलने १९७०मध्ये कॅपिटॉलसाठी ते कंट्री-पॉपच्या नीटस वेशात गायलं, आणि अमेरिकेत ते ४५व्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्याचा गळा गोड आहे, प्रश्न तो नाही. त्याच्या गाण्यात खोली नाही. चर्च नाही, बाकं नाहीत, आपल्या पाळीची वाट बघणारी पोरंपोरी नाहीत. तबकडीला सोसेल असं गाणं ते, म्हणून त्याच्या आतल्या खाचाही सहसा शाबूत सापडतात.

हॉकिन्सचं मूळ मुद्रण मात्र फार लांब गेलं. डिसेंबर १९६९मध्ये कोपनहेगनला असताना जॉर्ज हॅरिसन ‘माय स्वीट लॉर्ड’ रचायला बसला तो हेच गाणं डोक्यात ठेवून. त्याच वर्षी त्याने राधाकृष्ण मंदिराच्या भक्तांकडून हरे कृष्ण मंत्राचं सिंगल करून घेतलं होतं. गॉस्पेलचा कोरस आणि वैष्णवांचं नामस्मरण यांची सांगड त्याला सहज सुचली. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डवर तर ‘गुरुर्ब्रह्मा’ हा श्लोकही येतो. पण ‘माय स्वीट लॉर्ड’ त्याच्याआधी बिली प्रेस्टनने ध्वनिमुद्रित केलं, आणि प्रेस्टनच्या साथीला होते खुद्द एडविन हॉकिन्स सिंगर्स. पुढे १९७६मध्ये न्यायालयाने हॅरिसनला नकळत चाल उचलल्याबद्दल जबाबदार धरलं, तेही दुसऱ्याच गाण्याची : शिफॉन्सच्या ‘ही इज सो फाइन’ची.

पॅव्हिलियनच्या त्या सिंगलला दुसरी बाजूही आहे. तिच्यावर ‘जीझस, लव्हर ऑफ माय सोल’. ‘ओ हॅपी डे’चं मूळ स्तोत्र अठराव्या शतकातल्या फिलिप डॉडरिज या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आणि मागचं त्याचाच समकालीन चार्ल्स वेस्ली याचं. ओकलंड-बर्कलीच्या कृष्णवर्णीय तरुणांनी दोन्ही आपलीशी केली. जगाने लाखो प्रती घेतल्या, पण सुई फिरवली ती एकाच बाजूवर. त्यामुळे पहिली बाजू पार खरवडलेली प्रत स्वस्तात मिळाली तरी घ्यावी. तिच्या मागच्या बाजूवर तोच कोरस, तेच चर्च, आणि तिथल्या आतल्या खाचा बहुतेक वेळा कोऱ्या असतात.