उतार पडतो तेव्हा

भिगवणला माझ्यासमोर येणारे डोळे बहुतेक मोतीबिंदूचे, नाहीतर उसाचं पान लागलेले. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर धुकं असतंच. त्यामुळे पर्यटकांना रोहित पक्षी दाखवणाऱ्या साठीपुढच्या नावाड्याला आपल्या डोळ्यातलं धुकं लवकर कळत नाही. डोळा लाल नसतो, दुखत नसतो. स्टेरॉइडच्या ड्रॉपनं उतार पडतो, ड्रॉप थांबले की धूर परत. असं ऐकलं की मला लिम्फोमाची शंका येते आणि मी घाई करत नाही.

स्लिट लॅम्पचा उजेड बारीक पट्टीसारखा आत सोडतो. भिंगाच्या मागे व्हिट्रिअस, स्वच्छ पारदर्शक गर. लिम्फोमात तिथे मोठ्या पेशी गराच्या तंतूंना धरून थरांनी लटकतात. ‘मामा, वर बघा, आता समोर,’ म्हटलं की तो थर संथ हलतो. कधी पडद्याखाली पिवळट ठिपकेही असतात.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर. मेंदूतला लिम्फोमा पडद्यात आणि व्हिट्रिअसमध्ये येतो, किंवा आधी डोळ्यातच दिसून पुढे मेंदूत निघतो. अंगात इतरत्र असलेला सहसा पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात उतरतो. स्टेरॉइडनं या पेशी मरतात, म्हणून तर उतार पडतो. आणि म्हणूनच तपासणीत त्या अनेकदा सापडत नाहीत. या आजाराचा खरा फसवेपणा मला इथेच वाटतो.

शंका असली की मी पुण्याला पाठवतो. ‘ड्रॉपनं बरं वाटतंय की, मग पुण्याला कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला मी वेळ देतो, कारण पुणं इथून शंभरेक किलोमीटर आणि रोजगार बुडतो. मग चिठ्ठी लिहितो: कोणतं स्टेरॉइड, किती दिवस, थांबवल्यावर काय झालं. तिथे तपासणीसाठी शस्त्रक्रियेनं काढलेला गर लगेच लॅबमध्ये पोचावा लागतो, या पेशी फार लवकर खराब होतात. एक नमुना निकामी गेला तर दुसरा घ्यावा लागतो. मेंदूचा एमआरआय हवाच. लिम्फोमा निघाला तर डोळ्यात मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देतात, एका वेळी जेमतेम 0.1 मिलीलिटर, आजार मेंदूत असेल तर तेच औषध मोठ्या मात्रेत शिरेतून.

पन्नाशी-साठीनंतर डोळ्यातलं धुकं औषध थांबताच परत येत असेल, तर दुकानातून नवी बाटली आणू नका. चालू स्टेरॉइड मनानं बंदही करू नका. जुन्या चिठ्ठ्या आणि बाटल्या पिशवीत घालून पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.