साल्हेरची वाट

हजिऱ्यास डोंगर नाही. तापी येथे समुद्रास मिळते. एकीकडे खाडीचा चिखल व खारफुटी, दुसरीकडे कारखान्यांची धुरांडी. नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांतील मुलांना चढण ठाऊक आहे ती पुलाची तेवढी. म्हणून मागच्या वर्षी फेब्रुवारीत सुरतेतील काही मंडळी एक डोंगरवाट दुरुस्त करण्यासाठी साल्हेरला निघाली, तेव्हा थोरल्या मुलास घेऊन मीही त्यांच्याबरोबर गेलो.

सुरत आणि साल्हेर ह्यांचे नाते जुने आहे. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली व ते बागलाणातूनच परतले. पुढे १६७१ च्या आरंभी साल्हेर मराठ्यांनी घेतला आणि १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर ह्यांनी त्याच्या पायथ्याशी मोगल सैन्याचा मोड केला. सूर्यराव काकडे त्या रणात पडले. नाशिक जिल्ह्यातील हा गड १,५६७ मीटर उंच असून महाराष्ट्रातील किल्ल्यांत सर्वांत उंच आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचेही नाव आहे. परशुरामाने ह्याच शिखरावरून बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी लोककथा आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या माझ्या मुलास ती फार आवडली.

ताहराबाद, मुल्हेर असे करीत आम्ही वाघांब्यास पोहोचलो. तेथून साल्हेर व सालोटा ह्यांमधील खिंडीकडे एक पायवाट चढते. गड संरक्षित असल्यामुळे त्याच्या कोरीव पायऱ्यांस हात लावण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आमचे काम खालच्या, गुरे-माणसे नित्य चालतात त्या वाटेचे. त्यासाठी परवानगीही घेतलेली होती. पहारी, कुदळी, फावडी व घमेली एवढाच सरंजाम होता. सिमेंट आणावयाचे नाही, असा दंडक होता.

वाचक हो, वाट बिघडते ती पायांनी कमी आणि पाण्याने जास्त. पावसाचे पाणी वाटेच्या लांबीने धावू लागले, की वाटेचाच ओढा होतो. मग लोक कडेच्या गवतातून चालू लागतात, तेथेही माती सुटते आणि एका वाटेच्या तीन होतात. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. माझ्या वाट्यास आलेल्या तुकड्यात गुडघाभर चर पडला होता. मी व मुलाने दोन दिवस घमेल्यांनी माती वाहून तो भरला, चोपून गुळगुळीत केला आणि मोठ्या अभिमानाने पाहत उभे राहिलो.

गावातील एक वृद्ध बाबा वरच्या तुकड्यावर काम करीत होते. त्यांनी माती मुळीच भरली नाही. वाटेत तिरके असे पाच-सहा मोठे दगड, दोन भाग जमिनीत व एक भाग वर, असे पुरले. प्रत्येकापुढे दरीच्या बाजूस लहानसा चर काढला. माझे काम पाहून ते एवढेच म्हणाले, “दादा, पाण्याला वाट दिली नाही तर ते तुमची वाट घेईल.” मी हसून मान डोलावली, पण केलेले उकरण्याचे काही माझ्या जिवावर आले. शहाणपण ऐकू येऊनही न ऐकणे, ह्यास आळस म्हणावे की गर्व, हे मी अद्याप ठरविलेले नाही.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गेलो. माझ्या तुकड्यातील सारी माती वाहून गेली होती आणि चर पूर्वीहून खोल झाला होता. बाबांचे दगड जागच्या जागी होते. त्यांच्यामागे पावसाने स्वतःच माती आणून बसविली होती. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “चूक माझी. चल, बाबांना विचारू या.” त्या दिवशी त्यांनी आम्हांस दगड निवडावयास शिकविले: वाटोळा नको, चपटा हवा, पाय ठेवून पाहावा, डुलला तर पुन्हा बसवावा. संध्याकाळपर्यंत आमचे चारच दगड बसले.

उतरताना डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई त्या चार दगडांवरून वर निघून गेली. तिने पायांखाली एकदाही पाहिले नाही. मुलाने माझा हात दाबला. वाट नीट असली म्हणजे चालणाऱ्याचे तिच्याकडे लक्ष जात नाही. आमच्या श्रमास ह्याहून मोठी पावती नको होती.